गाढवाचे कान, प्लॅटिपसचे गोत्र

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या रानात एक देखणे ऑर्किड फुलते. त्याच्या दोन पाकळ्या गाढवाच्या कानांसारख्या उभ्या, म्हणून नावही ‘गाढव-ऑर्किड’! नाव ठेवणाऱ्याला फुलाची दया आली नाही खरी.

शास्त्रज्ञांनी त्याच्या पानांतील आरएनए वाचला, तेव्हा एक अनोळखी विषाणू हाती लागला. २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. पानावर ना डाग, ना सुरकुती! त्याची काही जनुके एका कुळाशी जुळणारी, काही भलत्याच. बदकाची चोच लावून अंडी घालणाऱ्या केसाळ प्लॅटिपसचीच उपमा त्याला मिळाली.

आता पंचाईत अशी, की दुर्मिळ ऑर्किडे जगवण्यासाठी त्यांची रोपे दुसऱ्या रानात नेऊन लावतात. रोप ठणठणीत दिसते. पण आत कोण दडले आहे, हे नुसत्या डोळ्यांना कसे कळावे? आणि एकदा शिरलेला विषाणू औषध फवारून जात नाही.