दुष्फेन पाण्याचा हिशेब

डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने ज्या मगनवाडीत ठाणे केले आणि कुमारप्पांच्या चिटणीसपदाखाली हातकागद, तेलघाणी, साबण अशा उद्योगांचा शास्त्रशुद्ध अभ्यास चालविला, त्या मगनवाडीच्या वर्धा शहरात धुण्याची पूड आज घरोघर केवळ फेसाच्या अंदाजाने बादलीत पडावी, ही मला खेदाची गोष्ट वाटते. कारण मळ काढण्यात फेसाचा वाटा अगदी थोडा आहे.

ते काम पृष्ठक्रियाशील द्रव्यांचे. त्यांच्या रेणूचे एक टोक जलप्रिय असते, तर बारा ते अठरा कार्बन अणूंची लांब शेपटी पाणी टाळून तेलाकडे धावते. सदऱ्याच्या गळपट्टीवरील तेलकट थरात या शेपट्या रुतल्या, की तो थर धाग्यापासून सुटून गोळा होतो आणि रेणूंच्या सूक्ष्म पुंजांत, म्हणजे मिसेलांत, कोंडला जातो. साबणाच्या योगे मळ आणि सूत या दोहोंवर ऋण विद्युत्भार चढत असल्याने सुटलेला मळ पुन्हा कापडावर बसत नाही. हा उत्तरार्ध पूर्वार्धाइतकाच मोलाचा, पण त्याची दखल क्वचितच घेतली जाते.

परंतु काळ्या पाषाणातून झिरपलेल्या आमच्या विहिरींच्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाला मळाआधीच गाठतात, त्याचा अविद्राव्य साका होतो आणि तोच कपड्यांवर करडा थर धरतो. पुडीतील कृत्रिम द्रव्ये अशा पाण्यात अधिक टिकाव धरतात, तरी त्यांनाही पाणी सुफेन करणाऱ्या क्षारांची जोड द्यावीच लागते. म्हणजे पूड किती घ्यावी, हे मळाइतकेच पाण्यावर अवलंबून आहे; आणि पेयजलाच्या भारतीय मानकात दुष्फेनतेची इष्ट मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम, तर दुसरा उद्भव नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे. या तिपटीच्या तफावतीत गृहिणीने कोणता अंदाज बांधावा?

म्हणून माझी तजवीज अशी, की नगरपरिषदेने व ग्रामपंचायतींनी पाणीपट्टीच्या बिलावरच आपापल्या हद्दीतील पाण्याची दुष्फेनता छापावी, आणि पुडीच्या वेष्टनावर सुफेन, मध्यम व दुष्फेन पाण्यासाठी निरनिराळी मात्रा देणे सरकारने सक्तीचे करावे. युरोपीय संघाने २००४ च्या नियमाने ही सक्ती केलीच आहे. दुष्फेनतेची चाचणी महाविद्यालयांतील विद्यार्थी आपल्या प्रयोगशाळेत करतात, तेव्हा खर्चाची सबब येथे टिकणारी नाही. विहिरींचे पाणी मात्र ऋतुमानाप्रमाणे बदलते. त्याचे मोजमाप वर्षातून दोनदा, ऐन उन्हाळ्यात आणि पावसाळा सरल्यावर, व्हावे.