पोट बघा, वार नको

टॅरँट्युलाच्या पिल्लांना कोणत्या वयात, आठवड्यातून किती वेळा आणि किती खायला घालावे, याचे वेळापत्रक छापा, अशी मागणी वाचकांकडून सतत होत असते. भिंतीवर चिकटवता येईल असा एक तक्ता हवा असतो. मागणीमागची काळजी खरी आहे, पण असा तक्ता आम्ही छापणार नाही. पिल्लू भुकेने दगावणे ही फार क्वचित घडणारी गोष्ट आहे. वार आला म्हणून डबीत सोडलेल्या जिवंत किड्याने पिल्लू गमावल्याच्या कहाण्या मात्र पाळणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ऐकल्या आहेत.

अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाला सुरुवातीला खाताच येत नाही. पोटात उरलेल्या बलकावर ते जगते, एक-दोनदा कात टाकते आणि मगच शिकारीला लायक होते. आपल्याकडे सर्वाधिक मागणी असलेल्या मेक्सिकन रेड नीचे, म्हणजे ब्रॅकिपेल्मा हॅमोरीचे पिल्लू या टप्प्यावर पाय पसरूनही सेंटीमीटरभरच भरते. एवढ्या जिवासमोर आपण पूर्ण वाढलेला रातकिडा सोडतो आणि तो नुसता पळताना दिसला की ‘खात नाही’ म्हणून घाबरतो. पिल्लू खात नाही असे नसते, ते त्या किड्याला घाबरून कोपऱ्यात बसलेले असते.

मुळात कोळी चावून गिळत नाही. विषदंत रोवून तो भक्ष्यावर पाचक रस सोडतो, बाहेरच त्याचा पातळ रस करतो आणि शोषून घेतो. त्यामुळे भक्ष्य जिवंतच हवे ही अट आपण घातलेली आहे, पिल्लाने नाही. मेलेल्या किड्याचा तुकडा बहुतेक पिल्ले आनंदाने घेतात. संध्याकाळी दिवे मंद झाल्यावर मीलवर्मचा दोन-तीन मिलिमीटरचा ताजा तुकडा चिमट्याने बिळाच्या तोंडाशी ठेवा आणि डबी हलवू नका. आधी पुढचा एक पाय बाहेर येतो आणि तुकड्याला अलगद टेकतो. पाय मागे जातो, पुन्हा येतो. मग पिल्लू तुकड्यावर येते, तोंडाजवळचे दोन छोटे पाय त्यावरून फिरवते आणि विषदंत उघडून त्याला धरते. पुष्कळदा ते तुकडा ओढत बिळात नेते. सकाळी बिळाच्या तोंडाशी वाळकी, चुरगळलेली गोळी पडलेली असते आणि काल चपटे दिसणारे पोट टम्म झालेले असते. ती गोळी लगेच उचला. आपल्या पावसाळ्यात अशा उष्ट्यावर बुरशी आणि माइट्स धरायला दोन दिवस पुरतात.

किती घालायचे याचे उत्तर या पोटावरच लिहिलेले असते. शरीराच्या पुढच्या भागावर कडक ढाल असते, तिला कॅरापेस म्हणतात. पोट त्या ढालीएवढे किंवा थोडे मोठे असेल तर पिल्लू ठीक आहे. दीडपट झाले की हात आखडता घ्या. ढालीपेक्षा लहान आणि सुरकुतलेले दिसले तर आधी पाणी द्या, मग अन्न. अगदी लहान पिल्लांना आठवड्यातून दोनदा तुकडा द्यायला हरकत नाही, पण दर वेळी आधी पोट पाहून. पिल्लू तीन-चार सेंटीमीटरचे झाले की आठ-दहा दिवसांतून एकदाही पुरते. यापुढचे आकडे आम्ही देत नाही, कारण ते जातीनुसार फार बदलतात. आपल्या आणि श्रीलंकेच्या जंगलांतल्या पेसिलोथेरिया वर्ष-दीड वर्षात जवळजवळ पूर्ण वाढतात. ब्राझील-उरुग्वेकडची काळी ग्रामोस्टोला पुल्क्रा त्याच आकाराला पोचायला सहा-सात वर्षे घेते. दोघींना एकच तक्ता लावला तर एक उपाशी राहील किंवा दुसरी फुगून जाईल.

तक्त्याचा खरा धोका आहे कात टाकण्याच्या वेळी. कात जवळ आली की पिल्लू खाणे बंद करते. पोट ताणलेले, तुकतुकीत दिसते, त्याचा रंग गडद होतो. पुष्कळ पिल्ले बिळाचे तोंड मातीने किंवा जाळ्याने बंद करून घेतात आणि आठवडेच्या आठवडे दिसत नाहीत. काही ग्रामोस्टोला तर महिनोन्महिने. इथे अनेकांचा धीर सुटतो आणि ते चमच्याने माती उकरतात. कृपा करून तसे करू नका. त्या बंद दाराआड पिल्लू पाठीवर उताणे पडून नुसती कातडी सोडत नसते. रस शोषणाऱ्या जठराचे आणि फुफ्फुसांचे अस्तरसुद्धा ते बाहेर काढत असते. त्या तासांत ते पळू शकत नाही, चावू शकत नाही. डबीत रातकिडा किंवा मीलवर्म मोकळा असेल तर तोच पिल्लाला कुरतडतो. शिवाय मीलवर्म मातीत शिरून दिसेनासा होतो, म्हणून तो द्यायचाच असेल तर डोके ठेचून द्या. कोणतेही जिवंत भक्ष्य चोवीस तासांत खाल्ले गेले नाही तर बाहेर काढा. या नियमाला अपवाद नाही.

कात टाकल्यानंतरही घाई नको. तेव्हा विषदंत पांढरे आणि मऊ असतात, मग लालसर होतात, शेवटी काळे. ते काळे दिसेपर्यंत अन्न देऊ नका. लहान पिल्लाला त्यासाठी चार-पाच दिवस ते आठवडा लागतो, मोठ्याला दोन आठवडेही. या काळात फक्त पाणी द्या.

पाण्याबद्दल आपण फार कमी बोलतो, याची आम्हाला खंत आहे. कोळ्याच्या पायांतल्या दोन महत्त्वाच्या सांध्यांना सरळ करणारे स्नायूच नसतात. शरीरातल्या द्रवाचा दाब वाढवून तो पाय ताठ करतो. पाणी घटले की दाब घटतो आणि पाय पोटाखाली मुडपतात. पूर्ण वाढलेला टॅरँट्युला अन्नाविना महिनोन्महिने तग धरतो, पण मे महिन्यात नागपूरच्या किंवा जळगावच्या घरात छोट्या डबीतले पिल्लू कोरड्या मातीवर काही दिवसांतच संकटात येते. डबीच्या एका बाजूची माती ओलसर ठेवा, भिंतीवर किंवा जाळ्यावर पाण्याचे थेंब सोडा, पिल्लू मोठे झाले की बाटलीचे झाकण पाण्याने भरून ठेवा. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हेच काम उलटे होते. तिथे हवा खेळती ठेवणे महत्त्वाचे. मार्टिनिक बेटावरच्या कॅरिबेना व्हर्सिकलरची निळी पिल्ले ओलाव्याच्या हौसेपायी बंद, दमट डब्यांत मेल्याचे आपल्या पाळणाऱ्यांमध्ये नेहमी ऐकू येते. त्यांना डबीच्या दोन्ही बाजूंना भरपूर भोके हवीत.

लवकर मोठे करण्याच्या हव्यासाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. जास्त ऊब आणि जास्त अन्न दिले की काती लवकर पडतात, हे खरे आहे. पण नर पूर्ण वाढला की त्याचे आयुष्य काही महिन्यांचे, फार तर दीड-दोन वर्षांचे उरते. त्याला घाईने मोठे करणे म्हणजे त्याचे दिवस आपल्या हाताने कमी करणे. रेड नीची मादी वीस वर्षांहून अधिक जगते. तिला पहिल्या दोन वर्षांत फुगवून कोणाचे भले होणार? जमिनीवर राहणाऱ्या जातींत जास्त भरलेले पोट घासत चालते आणि हातभर उंचीवरून पडले तरी फाटते. त्यावर इलाज जवळजवळ नसतो.

अन्न कुठून आणायचे, हा प्रश्न आपल्या शहरांत अजून अवघड आहे. मीलवर्म पक्षी आणि मासे विकणाऱ्या दुकानांत मिळतात. रातकिडे आणि डुबिया झुरळे काही जण घरीच वाढवतात, आणि आमच्या मते तोच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. घरातली किंवा गटारातली झुरळे मात्र कधीही नकोत. सोसायटीत पेस्ट कंट्रोलचे जेल कुठे लावले आहे हे तुम्हाला माहीत नसते आणि किड्याच्या पोटातून ते विष पिल्लापर्यंत पोचते. मुंग्यांसाठी रेघ ओढायचा खडू आणि डासांसाठी रात्रभर लावायचे लिक्विड यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके असतात. ज्या खोलीत पिल्ले आहेत तिथे दोन्ही नकोत. मुंग्या हा आपल्याकडचा मोठा शत्रू आहे, विशेषतः उष्टे पडून राहिले तर. त्यावर जुना घरगुती उपाय उत्तम चालतो. दुधा-तुपाच्या फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तशी डब्यांची फळी चार वाट्यांवर उभी करा आणि ती भिंतीला टेकू देऊ नका.

आता विक्रेत्यांशी आणि पिल्ले वाढवून देणाऱ्यांशी थोडे बोलायचे आहे, कारण यातला अर्धा गोंधळ तिथेच टळू शकतो. ग्राहक डबी घरी नेतो तेव्हा पिल्लाने शेवटची कात कधी टाकली आणि शेवटचे कधी खाल्ले, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून तो पहिल्याच दिवशी किडा सोडतो. बलकावर जगणारी पिल्ले विकणे थांबवा. पिल्लाने तुमच्याकडे स्वतःहून खाल्ले आहे आणि त्यानंतर एकदा कात टाकली आहे, एवढे पाहूनच ते द्या. कागदपत्रेही नीट द्या. ब्रॅकिपेल्मा स्मिथी 1985 पासून साइट्सच्या, म्हणजे वन्य जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये आहे, पेसिलोथेरिया 2019 पासून आहेत, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव कायद्याखाली अशा जिवंत प्राण्यांची नोंद करणे पाळणाऱ्यावर बंधनकारक झाले आहे. सह्याद्रीतल्या झाडाच्या ढोलीतून पिल्ले उचलून आणणाऱ्यांकडून काहीही घेऊ नका आणि त्यांना ग्राहकही पाठवू नका.

पाळणाऱ्यांनीही प्रत्येक डबीवर कागदी चिकटपट्टी लावून त्यावर पेन्सिलीने दोनच तारखा लिहाव्यात, शेवटच्या कातीची आणि शेवटच्या खाण्याची. दोन-तीन काती झाल्या की त्या पिल्लाचा स्वतःचा वेग त्या पट्टीवर दिसू लागतो. पुढच्या अंकापासून पिल्लांच्या विक्रीच्या जाहिराती आम्ही याच अटीवर घेऊ. प्रत्येक पिल्लासोबत या दोन तारखा आणि लागू असेल तिथे नोंदणीची माहिती देण्याचे जाहिरातदाराने लेखी कबूल केले पाहिजे. काही जाहिराती यामुळे जातील, हे आम्ही धरून चाललो आहोत.