तिजोरी, ताळेबंद आणि सही

बँकेच्या तिजोरीत किती रोकड मावते, हा काही अर्थशास्त्रातील गहन प्रश्न नव्हे. त्याचे उत्तर शाखेतील शिपाईही देऊ शकेल. पण मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेत हा प्रश्न विचारण्याची गरज कुणाला वाटली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचे अधिकारी तपासणीस आले, तेव्हा वहीत दाखविलेली सुमारे १२२ कोटी रुपयांची रोकड जागेवर नव्हती. प्रभादेवी येथील तिजोरीची क्षमताच अवघी दहा कोटींची असल्याचे पोलीस तपासात पुढे आले. जी रक्कम तिजोरीत मावूच शकत नव्हती, ती कागदावर मात्र सुखेनैव नांदत होती!

१३ फेब्रुवारीला निर्बंध लागले आणि ठेवीदारांना स्वतःच्याच खात्यातून रुपयाही काढता येईना. निवृत्तांचा औषधखर्च, मुलांचे शुल्क, सारेच अडकले. ऑगस्ट २०२५ मध्ये ही बँक सारस्वत बँकेत विलीन झाली व ठेवीदारांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ठेवी वाचल्या, परंतु प्रश्न मिटला नाही.

बँकेत पहाऱ्यांची वाण नसते. रोखपाल असतो, शाखाधिकारी असतो, समवर्ती आणि वैधानिक लेखापरीक्षक असतात; त्यांच्यावर संचालक मंडळ असते. तरीही घोटाळा होतो, कारण प्रत्येक जण आधीच्या सहीवर विसंबून आपली सही करतो. पहिल्याने मोजले असेल म्हणून दुसरा मोजत नाही, दुसऱ्याने पाहिले असेल म्हणून तिसरा पाहत नाही. सही ही जबाबदारीची खूण न राहता केवळ शिरस्ता उरते.

२०१९ साली पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत हेच दिसले होते. एकूण कर्जाच्या सुमारे ७० टक्के रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे गेली होती आणि ती झाकण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखविण्यात आली होती. एवढी खाती एका रात्रीत, एका माणसाच्या हातून उभी राहत नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये त्या बँकेचेही विलीनीकरण झाले. पण मोठ्या ठेवीदारांच्या वाट्याला दहा वर्षांपर्यंतचे हप्ते आले.

नियम कडक करा, ही अशा वेळची ठरलेली मागणी. ते झालेही. २०२० मध्ये ठेवविम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली, त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन नागरी सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. तरीही न्यू इंडियाचे प्रकरण घडलेच. उणीव नियमांची नाही. वरिष्ठाला ‘दाखवा’ म्हणण्याच्या धैर्याची आहे. प्रामाणिक कर्मचाऱ्याच्या शंकेला बदलीचे बक्षीस मिळत असेल, तर कोणताही कायदा तोकडाच पडेल.

आणि सभासदांचे काय? सहकारी बँकेत भागधारक हा मालक असतो. भाग कितीही असोत, मत एकच. पण वार्षिक सभेत अहवाल न उघडता ‘मंजूर, मंजूर’चा गजर होतो आणि चर्चा रंगते ती लाभांशाची व भेटवस्तूची! लेखापरीक्षकाने कोणते दोष दाखविले? दोषदुरुस्ती अहवाल कुठे आहे? मोठे थकबाकीदार कोण? हे तीन प्रश्न विचारण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. सहकार मालकांच्या जागरूकतेवर जगतो. मालकच झोपला, तर तिजोरीला कितीही कुलुपे घातली तरी ती व्यर्थच.