अंगणातलं तळं

मृगाच्या सरी कोसळल्या की नर बैलबेडूक पिवळेधमक होतात आणि डबक्याडबक्यांतून डराँव डराँव सुरू होतं. पण विहिरी बुजल्या, अंगणांत फरशा आल्या, गावतळ्यांना सिमेंटचे उभे काठ लागले. बेडकांनी अंडी घालायची तरी कुठे? म्हणूनच यंदाच्या पावसाळी अंकासाठी आम्ही घरच्या बागेतलं छोटं तळं हा विषय निवडला आहे.

हे तळं शोभेच्या कारंज्याहून वेगळं. दीड-दोन फूट खोली, चढउतर करता येईल असा एका बाजूचा उतरता काठ, साठवलेलं पावसाचं पाणी आणि कुमुदासारख्या देशी पाणवनस्पती, एवढ्यावर सुरुवात होते. चतुरांची पिल्लं पाण्यातच वाढतात आणि डासांच्या अळ्या फस्त करतात. गप्पी मासे मात्र सोडू नयेत. मूळचे दक्षिण अमेरिकेतले हे मासे बेडकांची अंडी-पिल्लंही खातात.

डासांची धास्ती, लहान मुलांची सुरक्षितता, उन्हाळ्यात आटणारं पाणी या शंकांचाही विचार या अंकात केला आहे. यंदा एक तळं जरूर करून पाहा आणि त्यात कोण कोण वस्तीला आलं, ते आम्हाला लिहून कळवा.