स्की शिकायला थेट आल्प्सला?

ऊसबिल जमा झाले की हल्ली नातेपुत्यातही परदेश सहलीचे बोलणे निघते. यंदा आमच्या मुलांचा हट्ट आहे, डिसेंबरात स्वित्झर्लंडला जाऊन स्कीइंग करायचे.

विमान आणि हॉटेलचा आकडा सगळेच पाहतात. पण मोठ्या माणसाला शेंगेन व्हिसाचे 90 युरो, किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा, आणि त्यात स्कीइंगची दुखापत धरलेली असतेच असे नाही, हे वाचून घ्यावे लागते. बूट-स्की भाड्याने, उतारावरचा पास वेगळा, शिकवणारा वेगळा. नवख्याचे पहिले दोन-तीन दिवस पडण्या-उठण्यातच जातात. चार दिवसांच्या सहलीत मग उरतात ते फोटो!

शिवाय डिसेंबरात तिकडे पाचच्या आत सूर्य मावळतो. बर्फात खेळून भुकेजलेल्या मुलांचे सूर्यास्ताआधीचे जेवण कसे जमायचे? दशम्यांचे डबे कोण भरणार, ते सांगायला नकोच.

शिकलेली गोष्ट जन्मभर राहते, हे मलाही पटते. म्हणूनच म्हणते, आधी औली किंवा गुलमर्ग. औलीला गढवाल मंडळ विकास निगमचे 7 आणि 14 दिवसांचे वर्ग असतात. गुलमर्गला तर केंद्र सरकारची स्कीइंग शिकवणारी संस्थाच आहे. औलीच्या बर्फाचा भरवसा नसतो, हे खरे. पण मुले तिथल्या थंडीत आठवडाभर टिकली आणि परत जायचे म्हणाली, तर आल्प्ससाठी पैसे बाजूला टाकायला माझी ना नाही.