करडईचे तेल आणि आपले हात

भगिनींनो, दुकानातल्या क्रीमच्या किंवा लिपस्टिकच्या खोक्यावर बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. तीत कित्येकदा ‘कार्थामस टिंक्टोरिअस सीड ऑईल’ असे लांबलचक नाव सापडते. ते वाचून दबून जाऊ नका. ही आपली करडई! औंढा नागनाथ तालुक्यातले शिरड शहापूर ज्या परभणी-हिंगोली पट्ट्यात येते, तिथल्या काळ्या जमिनीत रब्बीला ज्वारी-हरभऱ्याच्या जोडीने पिकत आलेली. १९७२ साली स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’ नावाचा तिचा वाणही दिला आहे.

करडई काढणे किती जिकिरीचे, हे ज्या बायांनी केले त्यांनाच ठाऊक. भल्या पहाटे दवाने काटे नरम असतात तोवर हाताला फडकी गुंडाळून काम उरकायचे. ऊन चढले की काटे टोचायला लागतात. या त्रासापायी मजूर मिळेनात. भावही साथ देईना. शेतकरी हरभरा, सोयाबीन, हळदीकडे वळले आणि करडईचा पेरा फार घटला.

तेल लावल्याने कातडी मऊ का होते? कातडीच्या वरच्या थरातले पाणी उडून गेले की त्या थरातल्या पेशींच्या कडा सुटतात. म्हणून हात खरखरीत लागतात, टाचा फुटतात. तेल त्या फटी भरते आणि पाणी उडून जाण्याचा वेग कमी करते. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असते आणि आपल्या कातडीच्या संरक्षक थरालाही तेच लागते. शिवाय हे तेल पातळ, फार चिकट नसलेले. म्हणून क्रीम करणाऱ्यांना ते सोयीचे पडते.

या झाडाच्या पाकळ्यांतून लाल रंगही निघतो. जपानी बायका पूर्वीपासून ओठांना जो ‘बेनी’ रंग लावतात, तो करडईच्याच फुलांचा.

आता उपयोगाचे सांगतो. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच घाण्यावरच्या शुद्ध तेलाचे दोन-चार थेंब हातापायांना चोळा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दिवसभर पाहा. खाज सुटली तर वापरू नका. हे तेल लवकर खवट होते, म्हणून थोडेच आणा, झाकण घट्ट लावा आणि उन्हापासून दूर ठेवा. भेगेतून रक्त येत असेल, पू झाला असेल किंवा मधुमेह असेल, तर घरगुती उपाय करीत न बसता दवाखाना गाठा.

आणखी एक. तेलाने कातडी मऊ होते, गोरी होत नाही. गोरे करण्याचे वचन देणाऱ्या काही क्रीममध्ये पारा किंवा स्टिरॉइड सापडलेले आहेत. पाऱ्याने मूत्रपिंडाला इजा होते. स्टिरॉइडने कातडी पातळ पडते. मुलीच्या सावळ्या रंगापायी असली डबी घरात आणू नका. सावळेपणा हा आजार नव्हे, त्याला औषध कशाला?

राबून राठ झालेल्या हातांची लाज वाटण्याचे कारण नाही. त्यांची निगा मात्र राखली पाहिजे, आणि तिला एक दिवसाची मजुरी घालवावी लागत नाही, एवढेच आमचे सांगणे.