नमुना नाही तर पुरावा नाही!

2020 चा मे महिना आठवतोय का? लॉकडाऊन चालू, मार्केट अर्धं बंद, आणि जुन्नर, अकोले, संगमनेर पट्ट्यात उभ्या टोमॅटोला कसलीतरी लागण झाली. फळ सरळ पिकेना. एकाच फळावर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे. लोकांनी नावच पाडलं, 'तिरंगा व्हायरस'.

कोणी बियाण्याला दोष दिला, कोणी हवामानाला, कोणी रोपवाटिकेला. नेमकं कारण कोणालाच माहीत नव्हतं. नमुने गेले थेट बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत. तिथं कळलं, मुख्य दोषी कुकुंबर मोझॅक व्हायरस. हा मावा किडीमार्फत पसरतो, झाडाला होतो, माणसाला नाही. पण तोवर 'टोमॅटो खाल्ल्यानं माणसाला रोग होतो' अशी आवई उठून गेली होती. रोगानं मारलं त्याच्यापेक्षा अफवेनं जास्त मारलं, असं म्हणणारे शेतकरी आजही भेटतील.

मला राग येतो तो इथं. चार कृषी विद्यापीठं असलेल्या राज्यात टोमॅटोचं पान तपासायला कर्नाटकात का पाठवावं लागलं? आणि त्यातून आपण शिकलो काय?

आता आपलं नेहमीचं चित्र बघा. पान पिवळं पडलं की आपण मोबाईलवर फोटो काढतो, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, कृषी सेवा केंद्रात जातो. दुकानदार तीन बाटल्या देतो: एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक, एक टॉनिक. अहो, व्हायरसवर बुरशीनाशक मारून काय होणार? व्हायरस झालेलं झाड बरं करणारं औषधच नाही. आणि व्हायरस, अन्नद्रव्याची कमतरता, तणनाशकाचा फटका, हे फोटोत बऱ्याचदा सारखेच दिसतात. फरक लॅबमध्ये कळतो. पैसा मात्र आपला जातो.

गेल्या वर्षी मी स्वतः दोन रोगट झाडं मुळासकट घेऊन एका सरकारी कार्यालयात गेलो. साहेब म्हणाले, "ठेवून जा, कळवतो." चार दिवसांनी गेलो तर पिशवी त्याच कोपऱ्यात, आत नुसता चिखल. कळवणं तर अजून बाकीच आहे.

'क्रॉपसॅप' आहे की, असं कोणी म्हणेल. आहे, 2009-10 पासून आहे, आणि किडीची नोंद ठेवायला उपयोगी आहे. पण शेतात जाऊन किडी मोजणं वेगळं आणि रोगट पान लॅबपर्यंत पोचवून त्याचा निकाल शेतकऱ्याला परत देणं वेगळं.

युरोपात लेट्यूसचं काय करतात बघा. हो, तोच बर्गरमधला पाला. त्यावर केवडा येतो आणि तो सारखा रूप बदलतो. म्हणून बियाणे कंपन्या आणि तपासणी संस्था एकत्र बसून ठिकठिकाणचे रोगट नमुने गोळा करतात, ठरलेल्या वाणांच्या संचावर तपासतात, आणि रोगाचा नवा प्रकार स्थिरावला की त्याला नंबर देऊन जाहीर करतात. असे 30 पेक्षा जास्त प्रकार नोंदले गेलेत. कोणता वाण कुठल्या प्रकाराला टिकतो, हे शेतकऱ्याला लागवडीआधी बघता येतं. एका पाल्यासाठी एवढं करतात. आपल्याकडं टोमॅटोवर गावंच्या गावं जगतात!

कोणी म्हणेल, माणसं कमी आहेत. मान्य. म्हणून मागणी साधी आहे.

एक, प्रत्येक तालुक्यात आठवड्यातला एक दिवस नमुने घ्यायचा, सोमवार किंवा मंगळवार, म्हणजे पार्सल सुट्टीत अडकणार नाही. दोन, नमुना दिल्याची पावती आणि ठरलेल्या मुदतीत मेसेजवर निकाल. तीन, शेतकऱ्याचं नाव न घालता गाववार निकाल जाहीर, म्हणजे अफवेला जागाच उरणार नाही.

आणि थोडं आपल्यालाही. रोग लपवू नका. पूर्ण वाळलेलं झाड नेऊ नका, नुकती लागण झालेलं न्या. मर असेल तर मुळासकट. पान कोरड्या कागदात गुंडाळा, ओल्या प्लास्टिकमध्ये कोंबू नका. दोन प्लॉटचे नमुने एकत्र करू नका, सोबत एक निरोगी पान ठेवा. चिठ्ठीवर गाव, तारीख, वाण, रोप कुठून आणलं आणि काय फवारलं ते लिहा.

उद्या बियाण्याची तक्रार घेऊन समितीपुढं उभे राहाल तेव्हा "आमचं लई नुकसान झालं" एवढं सांगून भागत नाही. नमुना नसेल तर पुरावा नाही, आणि पुरावा नसेल तर कोणीही हात झटकून मोकळं होतं.

येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. आणि तुमच्या तालुक्यात नमुना देऊन निकाल मिळालेला एक तरी माणूस असेल तर खाली लिहा. मला खरंच वाचायचंय.